धडधड व्हायला लागली की आधी श्वास सोडा

कुणी घाबरलं की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, मोठा श्वास घे. मी पण कितीतरी दिवस तेच करत होते. रात्री तीनला जाग यायची, छातीत धडधड, पोटात गोळा, मग अंथरुणात उठून बसायचं आणि भराभर मोठे मोठे श्वास घ्यायचे, की पाच मिनिटांत बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं गरगरायला लागायचं आणि वाटायचं संपलं आता, हा अटॅकच. डॉक्टरांनी ईसीजी वगैरे सगळं करून मग समजावलं की भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या त्याच्याच. म्हणजे मला श्वास कमी पडतच नव्हता, जास्त होत होता!

म्हणून घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. नाकाने साधाच श्वास घ्या, मनात चार आकडे मोजत, आणि सोडताना सहा आकडे, ओठांचा चंबू करून, बशीतल्या चहावर फुंकर घालतो तशी पण त्याहून हळू. श्वास बाहेर जाताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, शरीराची रचनाच तशी आहे, म्हणून सोडणं लांबवायचं. एक हात पोटावर ठेवा, तो हात वरखाली झाला पाहिजे, खांदे नाही. असे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात, पाच मिनिटं करा. भ्रामरी येत असेल तर फारच छान, गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो. कपालभाती मात्र त्या वेळी नको, त्यात श्वास भराभरच चालतो.

दुसरं स्नायूंचं. 1920 च्या दशकात एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने ही पद्धत मांडली आणि मला सगळ्यात जास्त फरक हिनेच पडला. उजव्या हाताची मूठ आवळा, पूर्ण ताकद नाही लावायची, पाच-सात सेकंद धरा आणि एकदम सोडून द्या. आता घाई करू नका, वीसेक सेकंद नुसतं बघा हात कसा जड आणि ऊबदार वाटतोय ते, खरं काम इथेच होतं. मग डावी मूठ, मग खांदे कानापर्यंत उचलून सोडायचे, कपाळ, जबडा, पोट, मांड्या, शेवटी पावलं (पोटऱ्यांत गोळा येत असेल तर तिथे जोर नको, आणि मान-कंबर दुखत असेल तर तो भाग सोडूनच द्या). मला हे करायला लागल्यावर कळलं की मी भांडी घासताना दात आवळून उभी असते, रोज, आणि संध्याकाळी डोकं का दुखतं ते शोधत बसते.

बसमध्ये, लोकलमध्ये हे सगळं नाही जमत, तिथे दिसणाऱ्या पाच वस्तू मनात म्हणा, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. तेवढं पुरतं.

पण हे सगळं बरं वाटत असतानाच शिका, प्लीज. पहिल्यांदाच रात्री तीनला करून बघाल तर काही होणार नाही आणि म्हणाल काही उपयोग नाही. मी सकाळी चहाचं आधण ठेवलं की उकळी येईपर्यंत ओट्यापाशी उभं राहून श्वासाचं करते, वेगळा वेळ काढावा लागत नाही. आणि काहींना डोळे मिटून शांत बसलं की उलट जास्त घाबरायला होतं, तर डोळे उघडे ठेवा, भिंतीवर एक जागा बघत राहा. करताना दर मिनिटाला धडधड गेली का ते तपासू नका, त्याने वाढते. दहापैकी आठ होती ती पाचवर आली तरी खूप झालं.

छातीत दुखतंय, दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय, दरदरून घाम येतोय, तर व्यायाम करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. थायरॉइडमुळे पण धडधड होते, एकदा तपासून घ्या. आणि झोप, काम, जेवण सगळंच आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, जायचा धीर होत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्री पण चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. मी वर्षभर गोळी पण घेतली आणि श्वासाचं पण करत राहिले, डॉक्टरांनीच सांगितलं होतं की दोन्ही बरोबर चालतं.