बुरशी गेली तरी विष राहते: धान्य आणि पशुखाद्य साठवताना या चुका टाळा

मक्याच्या पोत्यात हिरवट-पिवळी भुकटी दिसली, की बहुतेक जण मका उन्हात पसरतात, चाळतात आणि कुबट वास गेला की पुन्हा पोत्यात भरून ठेवतात. मका स्वच्छ दिसू लागतो आणि मनातली शंकाही मिटते. या खटाटोपात बुरशी खरोखरच कमी होते, पण तिने दाण्याच्या आत सोडलेले विष बव्हंशी तिथेच राहते. बुरशी सजीव आहे, त्यामुळे ती ऊन, उष्णता किंवा आम्लाने मारता येते. बुरशीविष हा मात्र तिने तयार केलेला रासायनिक पदार्थ आहे, आणि बुरशी मेली म्हणून तो नाहीसा होत नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हा फरक लक्षात न घेतल्यामुळे होतात.

हा धडा जगाला 1960 मध्ये मिळाला. इंग्लंडमध्ये त्या वर्षी सुमारे एक लाख टर्की पक्षी अचानक दगावले आणि शोध घेता घेता माग त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला. त्या पेंडीतील विषाला 'ॲस्परजिलस फ्लेव्हस' या बुरशीच्या नावावरून अफ्लाटॉक्सिन म्हटले जाऊ लागले. आज ते माणसात यकृताचा कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून निश्चितपणे ओळखले जाते.

शिजवले, भाजले, म्हणजे धोका टळला असे समजणे

पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, तर शुद्ध अफ्लाटॉक्सिन विघटित होण्यासाठी साधारण 260 अंशांच्या पुढचे तापमान लागते. भाजल्याने त्याचे प्रमाण काही अंशी घटते, परंतु किती घटेल याचा भरवसा देता येत नाही. दुधात उतरणारे 'एम-1' हे त्याचे रूप तर दूध तापवल्याने किंवा पाश्चरीकरणाने जवळजवळ कमी होत नाही. उलट ते दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटून राहते, त्यामुळे चीज करताना त्याचे किलोमागील प्रमाण मूळ दुधापेक्षा कितीतरी पट वाढते.

डोळ्यांवर आणि निळ्या दिव्यावर विसंबणे

बुरशी दिसली म्हणजे विष असेलच असे नाही, आणि बुरशी दिसली नाही म्हणजे विष नाही असेही नाही. या दोन विधानांतले दुसरे अधिक महागात पडते. फ्युमोनिसिन हे विष तयार करणारी फ्युजेरियम बुरशी शेतात उभ्या मक्यातच शिरते आणि वरून निरोगी दिसणाऱ्या दाण्यातही ती असू शकते. मका अतिनील दिव्याखाली धरला असता दिसणारी हिरवट-पिवळी चमक अफ्लाटॉक्सिनची नसते. ती ॲस्परजिलस बुरशीच्याच दुसऱ्या एका पदार्थामुळे येते. त्यामुळे चमक दिसली तर माल तपासणीला पाठवावा, पण चमक दिसली नाही म्हणून तो स्वच्छ ठरवू नये.

दाताखाली 'कट' वाजला म्हणून धान्य वाळले मानणे

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होते, म्हणून इथे थोडे थांबतो. वरून कडकडीत वाळलेल्या मक्याच्या ढिगात एकदा कोपरापर्यंत हात घालून पाहावा. वरचे दाणे बोटांतून सळसळत निसटतात, वीतभर खाली ते किंचित कोमट लागतात, आणि त्याखाली कधी कधी चार-सहा दाणे एकमेकांना चिकटलेला गोळाच हाताला लागतो. तो कोमटपणा बुरशीच्या आणि दाण्यांच्या श्वसनाचा असतो. त्या श्वसनातून आणखी पाणी सुटते आणि एकदा सुरू झालेला बिघाड स्वतःच वाढत जातो.

साठवणीसाठी मक्यातील ओलावा 13 ते 14 टक्क्यांच्या वर नसावा, मात्र भुईमुगाचे दाणे सुमारे 7 टक्क्यांपर्यंत उतरवावे लागतात. एकाच गोदामात शेजारी ठेवायच्या दोन मालांना दोन वेगळे आकडे कशासाठी, असा प्रश्न अनेकांना पडतो आणि तो रास्तच आहे. भुईमुगाच्या दाण्याचा जवळपास निम्मा भाग तेल असते आणि तेल पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे तेवढ्याच ओलाव्यात बुरशीला वापरता येईल असे मोकळे पाणी भुईमुगात अधिक असते. बुरशीला दाण्यातील एकूण पाण्यापेक्षा हे मोकळे पाणी महत्त्वाचे असते. ते मोजणारा 'जलक्रियता' हा निर्देशांक 0.70 च्या खाली राहिला, तर साठवणीतील बुरशींची वाढ जवळजवळ थांबते.

आर्द्रतामापक असेल तर तो त्या-त्या धान्यासाठी जुळवून घ्यावा, कारण मक्यासाठी लावलेले यंत्र भुईमुगाचा आकडा चुकीचाच दाखवणार. यंत्र नसेल तर एक साधी युक्ती आहे. कोरड्या, पारदर्शक काचेच्या बरणीत एक तृतीयांश धान्य भरून त्यात दोन-तीन चमचे कोरडे मीठ घालावे, झाकण लावून मिनिटभर चांगले हलवावे आणि बरणी थोडा वेळ स्थिर ठेवावी. मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण 15 टक्क्यांहून अधिक आहे असे समजावे. मीठ चिकटले नाही, तरी मका 13 टक्क्यांवर आलाच असे या चाचणीवरून म्हणता येत नाही. ही चाचणी फक्त उघडपणे ओला माल पकडते.

उन्हातून उचललेले गरम धान्य लगेच बंद करणे हीही नेहमीची चूक आहे. रात्री पत्रा आणि भिंती थंड होतात, आतली गरम हवा वर जाऊन तिथे दव धरते आणि वरचा थर पुन्हा ओला होतो. धान्य आधी निवू द्यावे, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचावीत आणि थप्पी भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. केनियात 2004 साली अफ्लाटॉक्सिनच्या विषबाधेचे 317 रुग्ण नोंदले गेले आणि त्यांपैकी 125 जण दगावले. तिथेही मुख्य कारण नीट न वाळवता साठवलेला मका हेच होते.

वरच्या पोत्यातून मूठभर नमुना पाठवणे

साखर पाण्यात विरघळते तसे विष मालात सगळीकडे सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांतील एखाद-दुसऱ्या दाण्यात ते प्रचंड प्रमाणात असते आणि बाकीचे दाणे स्वच्छ असतात. अशा मालातून घेतलेली एक मूठ 'शून्य' दाखवते आणि शेजारची मूठ मर्यादेच्या कित्येक पट आकडा देते. मग प्रयोगशाळेवर संशय घेतला जातो, पण चूक बहुतेक वेळा नमुना घेण्यातच झालेली असते. नमुना अनेक पोत्यांतून, वरून, मधून आणि तळातून थोडा थोडा घ्यावा आणि एकत्र केलेला काही किलोंचा नमुना संपूर्ण दळून मिसळल्यावरच त्यातील भाग तपासणीला द्यावा. न दळता चिमूटभर दाणे निवडून दिले तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

माणसाला नको ते जनावराला घालणे

निवडून काढलेले काळपट, सुरकुतलेले, तुटके दाणे खाद्यात ढकलले जातात. विष एकवटलेले असते ते नेमके याच दाण्यांत. म्हणूनच माणसाच्या खाण्यातून ते वगळणे उपयोगाचे आहे आणि म्हणूनच ते गव्हाणीत टाकणे घातक आहे. तेल काढल्यावरही बहुतांश अफ्लाटॉक्सिन पेंडीतच उरते.

उदाहरणासाठी थोडी आकडेमोड करू. एखादी गाय किलोमागे 50 मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन बी-1 (अफ्लाटॉक्सिनचा मुख्य प्रकार, ज्यापासून शरीरात एम-1 बनते) असलेला खुराक रोज 5 किलो खात असेल, तर तिच्या पोटात 250 मायक्रोग्रॅम विष जाते. त्यातील 2 टक्के दुधात उतरले, तर 10 लिटर दुधात 5 मायक्रोग्रॅम, म्हणजे लिटरला 0.5 मायक्रोग्रॅम एम-1 येते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे आणि युरोपीय संघाची मर्यादा त्याच्या दहाव्या भागाइतकीच, म्हणजे 0.05 आहे. जास्त दूध देणाऱ्या गाईंमध्ये उतरण्याचे हे प्रमाण 6 टक्क्यांपर्यंतही जाते. गाय बाहेरून ठणठणीत दिसत असताना हे सारे घडत असते.

बंधक पावडर मिसळून निश्चिंत होणे

बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिनला पोटात धरून ठेवते, हे खरे आहे. पण डीऑक्सिनिव्हॅलेनॉल या फ्युजेरियमच्या विषावर तिचा फारसा परिणाम होत नाही. कोणते विष आहे हे न तपासता पावडर घालणे म्हणजे रोग न ओळखता औषध देणे. खाद्य टिकवण्यासाठी मिसळल्या जाणाऱ्या प्रोपिओनिक आम्लाचे काम आणखी वेगळे आहे. ते पुढची बुरशी रोखते, आधी तयार झालेल्या विषाला हात लावत नाही.

लक्षणांचा दोष हवामानावर किंवा साथीवर टाकणे

डुकरे अचानक खाद्य नाकारत असतील किंवा ओकत असतील तर डीऑक्सिनिव्हॅलेनॉलची शंका घ्यावी. वयात न आलेल्या माद्यांचे जननेंद्रिय सुजले तर झिअरालेनोन या फ्युजेरियमच्याच विषाची शंका घ्यावी, कारण ते स्त्री-संप्रेरकासारखे वागते. घोड्याची चाल बिघडली, तो दिशाहीन फिरू लागला, तर खाद्यातील मका तत्काळ बंद करून पशुवैद्याला बोलवावे, कारण फ्युमोनिसिन घोड्याच्या मेंदूवर घाला घालते. कोंबड्यांची वाढ खुंटणे, लसीचा परिणाम न दिसणे, ही लक्षणे इतर अनेक कारणांनीही दिसतात. अशा वेळी तारखा उपयोगी पडतात. नवे खाद्य कोणत्या दिवशी उघडले आणि त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, हे वहीत लिहिलेले असेल तर निदान अर्ध्यावर येते. प्रत्येक नव्या खेपेचा किलोभर नमुना नाव व तारीख घालून कोरड्या जागी राखून ठेवावा. खाद्य संपल्यावर तपासायला काहीच उरत नाही, ही तक्रार मी फार वेळा ऐकली आहे.

दुधात एम-1 जास्त आढळले, तर संशयित खुराक त्याच दिवशी थांबवावा. दूषित खाद्य पोटात गेल्यापासून दिवसभरातच ते दुधात दिसू लागते आणि खाद्य बंद केल्यावर साधारण 3 ते 4 दिवसांत दिसेनासे होते. तेवढे दिवस ते दूध वापरू नये आणि फेरतपासणी करावी. आकडा उतरत नसेल तर पेंड, मका आणि मुरघास यांचे वेगवेगळे नमुने द्यावेत, आणि ते देण्याआधी खाद्याच्या पेटीचे व गव्हाणीचे कोपरे खरवडून पाहावेत, कारण तिथे जुन्या खाद्याचा घट्ट बसलेला थर प्रत्येक नव्या खेपेत थोडा थोडा मिसळत राहतो.