जुन्या चिनी लॅकरची पारख : नक्षी कशी केली ते भिंगातून ओळखा

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. आपण जिला लाख म्हणतो ती किड्यापासून मिळते, उष्णतेने वितळते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. चिनी लॅकर हा झाडाचा चीक. तो कोरड्या हवेत नीट घट्ट होत नाही. त्याला साधारण ७० ते ८० टक्के आर्द्रता आणि २० ते ३० अंश तापमान लागते, आणि एकदा घट्ट झाला की स्पिरिटला दाद देत नाही. लेप जाड बसला तर वर साय धरते, आतला चीक ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. म्हणून प्रत्येक लेप मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ द्यावा लागतो. कोरीव डब्यावर असे शंभराच्या आसपास, कधी त्याहून जास्त लेप असतात. अस्सल आणि नक्कल यांतला बहुतेक फरक या एकाच गोष्टीतून निघतो.

दहापट भिंग, छोटी टॉर्च आणि नायट्राइलचे हातमोजे घ्या. सुती मोजे नकोत, त्यांचे धागे जडवलेल्या शिंपल्याच्या उचकटलेल्या तुकड्यांत अडकतात. टेबलावर मऊ कापड अंथरा, वस्तू दोन्ही हातांनी बुडाशी धरा आणि प्रकाश समोरून न टाकता आडवा टाका.

कोरीव लाल काम, म्हणजे थीहोंग, असेल तर नक्षीच्या सौंदर्यात गुंतू नका. कापाची भिंत बघा. हिंगूळ (पाऱ्याचे लाल खनिज) मिसळलेल्या लाल थरांमध्ये कधी काळ्या किंवा पिवळ्या थराची रेघ दिसते. ती सगळीकडे एकाच पातळीवर धावायला हवी. सुरीच्या खुणा, कोपऱ्यातला थोडासा चुकलेला काप, एकसारख्या दिसणाऱ्या फुलांमधला बारीक फरक ही हाताची साक्ष. साच्यात ओतलेल्या नकली रेझिनमध्ये खोलगट भागांचे तळ गोलसर असतात, हवेच्या बुडबुड्यांची भोके दिसतात, एकच पान तंतोतंत पुन्हा येते आणि कडेला साच्याची शिवण सापडते. आत निळे मीनाकाम आणि पितळी कड असेल तर वस्तू बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची किंवा विसाव्या शतकातली.

काळाचा अंदाजही कडांवरूनच घ्या. योंगल (१४०३–१४२४) आणि श्वांद (१४२६–१४३५) या मिंग सम्राटांच्या काळातल्या चांगल्या कामात कंगोरे घासून गोलसर केलेले असतात, बोट अडखळत नाही. छिंग सम्राट छ्यानलोंगच्या काळात (१७३६–१७९५) काप तीक्ष्ण, नक्षी दाट. तळावरची, सम्राटाच्या काळाचे नाव सांगणारी मुद्रा मात्र सगळ्यात शेवटी वाचा. योंगलची सहा अक्षरे सुईने नाजूक ओरखडलेली असतात, आणि ओरखडणे कुणालाही नंतर जमते. श्वांदची अक्षरे सुरीने कोरून त्यांत सोने भरलेले असते. काही वस्तूंवर ती आधीच्या योंगल मुद्रेवर चढवलेली आहेत.

आता सोन्याकडे. छ्यांगजिनमध्ये आधी बारीक रेघ कोरतात, तिच्यात चिकट लॅकर भरतात आणि वर्ख दाबतात. त्यामुळे सोने खाचेत असते आणि झीज झाली तरी तिथे टिकते. म्याओजिनमध्ये सोने पृष्ठभागावर रंगवलेले असते. झाकणाची कड, पकडायची जागा इथे ते आधी उडते. झाकणाच्या कडेवर म्याओजिन ताजेतवाने आणि तळ घासलेला, असे दिसले तर सोने नंतर लावले असावे.

थ्येनछी, म्हणजे रंगीत लॅकर खाचेत भरून सपाट घासलेले काम, आणि साधे रंगकाम यांत लोक सर्रास फसतात. तिरप्या प्रकाशात बघा : भरलेला रंग भोवतालशी अगदी सपाट असतो, रंगवलेला किंचित उंच. उत्तरकाळात थ्येनछीसारखे दिसणारे बरेच काम प्रत्यक्षात वरून रंगवून बाह्यरेषा कोरलेले आहे. ती लबाडीच असेल असे नाही.

कोरोमंडल नावाच्या घडीच्या लाकडी पडद्यांचे तंत्र म्हणजे ख्वानत्साय. पडदे चीनमधलेच, भारताच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून जहाजाने युरोपला गेले म्हणून हे नाव पडले. यात काळा थर कापून खालच्या मातकट अस्तरापर्यंत जातात आणि तिथे रंग भरतात, म्हणून रंग पृष्ठभागाच्या खाली बसतो. शिंपल्याच्या जडावात तुकड्यागणिक चमक वेगळी हवी. सगळे तुकडे एकाच छटेचे असतील तर प्लास्टिकची शंका घ्या.

चिरांवर भरवसा ठेवू नका, उष्णता देऊन त्या पाडता येतात. जुन्या चिरेचे काठ झिजलेले असतात आणि मळ खोलवर बसलेला असतो. तापवलेली सुई टोचून परीक्षा करू नका : वस्तूला भोक पडते, आणि हिंगूळ तापवला की पाऱ्याची वाफ निघते.

वस्तू ५० ते ६० टक्के आर्द्रतेत ठेवा. आकडा किंचित इकडेतिकडे चालेल, चढउतार नको. हवा कोरडी पडली की आतले लाकूड आकसते आणि वरचा थर सुटतो. प्रकाश ५० लक्सच्या वर नको. उन्हाने विटलेला पृष्ठभाग पाण्याच्या थेंबाने पांढरट पडतो, बोटांचे ठसेही पकडतो. म्हणून धूळ मऊ कुंचल्याने झटका. ओले फडके, तेल, मेण, फर्निचर पॉलिश काहीही लावू नका. पोपडा उचकटला असेल तर कुंचलाही थांबवा. सुटलेला तुकडा टिश्यूत गुंडाळून डबीत ठेवा आणि लॅकरचे काम जाणणाऱ्या संवर्धकाकडे द्या. झटपट चिकटवणारा गोंद तर मुळीच नको, कारण तो काढताना मूळ थर सोबत येतो.