काहीतरी वाईट होणार असं वाटतंय, हे इंग्रजीत नेमकं कसं लिहायचं

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा तीन तीन भाषा बोलतात, पण मनात धाकधूक होतेय हे इंग्रजीत लिहायची वेळ आली की सगळ्यांची गाडी फिअर आणि टेन्शन ह्या दोन शब्दांवरच अडकते. मराठीत हीच पोरं मनात पाल चुकचुकली म्हणतात, कुणकुण लागली म्हणतात, काळजात धस्स झालं म्हणतात. इंग्रजीतही असे भरपूर शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, ती एकदा कळली की पेपरातला निबंध असू दे नाहीतर तहसीलदाराला अर्ज, हात अडत नाही.

सगळ्यात आधी डाऊटचं मिटवूया, कारण इथं अर्थ सरळ उलटा होतो. समजा शाळेची जुनी भिंत पावसात भिजून एका बाजूला कललीय आणि गल्लीतल्या लोकांनी मिळून अर्ज लिहायचाय. आपण मराठीत म्हणतो, भिंत पडेल अशी शंका आहे. शंका म्हणजे डाऊट हे डोक्यात बसलेलं असतं, म्हणून वी डाऊट द वॉल विल फॉल असं लिहून मोकळे होतो. इंग्रजीत ह्याचा अर्थ होतो, भिंत पडेल असं आम्हाला वाटत नाही! वाचणारा म्हणेल मग अर्ज कशाला केलाय. इथं वी फिअर द वॉल मे फॉल लिहायचं. वाईट होणार असं वाटत असेल तर फिअर किंवा सस्पेक्ट, होणार नाही असं वाटत असेल तर डाऊट, एवढं पक्कं धरा.

त्याच अर्जात अजून चांगला बसतो तो अप्रिहेंड. हा कचेरीतला शब्द आहे, कोर्टकचेरीच्या इंग्रजीत कायम दिसतो. आपल्याकडं १ नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाचा आणि मराठी भाषिकांच्या काळ्या दिवसाचा दिवस आला, किंवा बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बसलं की जमावबंदीची चर्चा सुरू होते, ते जुनं १४४ कलम, त्याच्या मथळ्यातच अप्रिहेंडेड डेंजर असे शब्द होते. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १६३ झालं, पण लोक अजून १४४ च म्हणतात. अटकपूर्व जामिनाच्या कलमाच्या मथळ्यातही अटकेची भीती असलेला माणूस ह्याला पर्सन अप्रिहेंडिंग अरेस्ट म्हटलंय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पकडणे, म्हणून पोलिसांनी चोराला अप्रिहेंड केलं म्हणजे धरलं, आणि मनाने पुढचं संकट धरलं तर अप्रिहेन्शन. कारण दाखवता येतंय, पुरावा डोळ्यासमोर आहे, तिथं हा शब्द वापरा. नुसतं अस्वस्थ वाटतंय एवढंच सांगायचं असेल तर आय ॲम अप्रिहेन्सिव्ह अबाउट धिस.

पाल चुकचुकली ह्याला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो मिसगिव्हिंग. कुणीतरी दुप्पट पैसे देणारी स्कीम घेऊन घरी आलाय, कागद सगळे ठीक दिसतायत पण मन काही घेत नाही, तिथं आय हॅव मिसगिव्हिंग्ज अबाउट धिस स्कीम. बहुतेक वेळा अनेकवचनातच येतो, पुढं अबाउट लागतं, आणि एखाद्या निर्णयाबद्दल किंवा माणसाबद्दलच शोभतो. पावसाबद्दल मिसगिव्हिंग्ज कुणी लिहीत नाही.

फोरबोडिंगला कारण सांगावं लागत नाही. घरात सगळे ठीक आहेत, तरी संध्याकाळपासून छातीवर दगड ठेवल्यासारखं झालंय, ते अ सेन्स ऑफ फोरबोडिंग. गोष्ट लिहिताना हा शब्द फार उपयोगी पडतो, अर्जात मात्र चुकूनही नको, साहेब कारण विचारणार आणि फोरबोडिंगकडं कारण नसतं. फॉरबिडिंग हा वेगळा शब्द आहे हं, तो चेहऱ्याला नाहीतर जागेला लावतात, जवळ जाऊच नये असं वाटायला लावणारं. प्रिमोनिशन म्हणजे अमुक एक घटना होणार असं आधीच मनात येणं, लॅटिनमध्ये आधी सावध करणे, आणि बहुधा ती घटना होऊन गेल्यावरच लोक हे सांगतात, म्हणून आय हॅड अ प्रिमोनिशन असं भूतकाळात जास्त दिसेल. ड्रेड त्याच्या उलट, काय येणार ते माहीत आहे आणि तेच नको आहे. पीयूसीचा, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीचा रिझल्ट उद्या आहे आणि गणिताचा पेपर कसा गेलाय ते तुम्हाला ठाऊक आहे, तर ते ड्रेड. पुढं गोइंग, सीइंग असं येतं, आय ड्रेड गोइंग देअर.

ओमन आणि ऑमिनस ही जोडी फसवी आहे. ओमन म्हणजे शकुन, तो चांगलाही असतो, गुड ओमन म्हणता येतं. ऑमिनस मात्र कायम वाईटच. आणि तो बाहेरच्या गोष्टीला लावायचा, ढगाला, शांततेला, फोनवरच्या आवाजाला. आय ॲम फीलिंग ऑमिनस लिहिलं की चुकलं, तुम्ही अनईझी असता, ऑमिनस ते आभाळ असतं.

आता संकट किती लांब आहे त्यावरून शब्द बदलतो. चिक्कोडीकडच्या कृष्णाकाठच्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. कोयनेतून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली, पाणी अजून पात्रातच आहे, तेव्हा फ्लड इज लूमिंग. पाणी पुलाच्या कठड्याला टेकलं की इमिनंट, म्हणजे आता कुठल्याही क्षणी. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, त्याच्या आदल्या दिवसांची बातमी इंग्रजीत लिहायची तर हे दोन्ही शब्द लागतील, आधी लूमिंग मग इमिनंट. इ ऐवजी ए लावून एमिनंट केलं तर तो नामवंत होतो, ते बोर्डावर वकिलाच्या नावाआधी ठीक. माणसांमधला वाद, गावातली धुसफूस असेल तर ट्रबल इज ब्रूइंग.

राहिला इम्पेंडिंग, डोक्यावर लटकणारं, आपली टांगती तलवार. हा शब्द निबंधापेक्षा दवाखान्यात जास्त कामाला येतो म्हणून नीट वाचा. सेन्स ऑफ इम्पेंडिंग डूम, म्हणजे आता आपलं काही खरं नाही, काहीतरी भयंकर होणार असं अचानक वाटणं, हे डॉक्टर लक्षण म्हणून धरतात. हार्ट अटॅकमध्ये, औषधाच्या किंवा गांधीलमाशीच्या डंखाच्या जोरदार ॲलर्जीत, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकल्यावर पेशंटला असं वाटू शकतं. घरातली आजी छातीत दुखतंय, घाम फुटलाय आणि मला आता कसंतरीच होतंय, मी काही वाचत नाही असं म्हणाली तर तिला उगाच घाबरू नको म्हणून गप्प करू नका. आधी १०८ ला फोन लावा, आणि समोरच्या डॉक्टरांना मराठी कळत नसेल तर बाकीच्या लक्षणांसोबत शी हॅज अ फीलिंग ऑफ इम्पेंडिंग डूम एवढं वाक्य जसंच्या तसं सांगा.