गाडी मिसिंग करतेय? सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

'चेक इंजिन'चा दिवा लागला की स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा आणि त्यात ज्या सेन्सरचं नाव असेल तो नाना पेठेतून आणून बसवायचा, ही पद्धत पुण्यात सर्रास चालते. ती सोडा. कोडात फक्त तक्रार असते, दोष पुढे शोधावा लागतो.

पी०१७१ हा कोड घ्या. अर्थ एवढाच की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. लगेच ऑक्सिजन सेन्सरवर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बिल फाडलं जातं. पण इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा नेणारा, पाइप चिरला असेल किंवा फ्युएल पंप पुरेसा दाब देत नसेल, तरी हाच कोड येतो. कॉम्प्रेशन (पिस्टनने सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब) गेल्यामुळे एखादा सिलेंडर नीट पेटत नसेल, तर न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो आणि सेन्सर 'हवा जास्त' असंच सांगतो. नवा सेन्सरही तेच सांगणार.

कोड घाईने उडवूही नका. कोड आला तेव्हा इंजिन किती तापलं होतं, आरपीएम किती होता, याची नोंद त्याच्यासोबत पुसली जाते. आधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

सेन्सरची शंका असेल तर ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं काहीतरी त्याला विचारा. चावी ऑन, इंजिन बंद: मॅप सेन्सरने (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, म्हणून इथे आकडा ९५ किलोपास्कलच्या आसपास येतो. मुंबईत १०१ च्या. ९५ बघून चांगला सेन्सर फेकू नका. तसंच रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी कूलंटचं आणि इनटेकच्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. डिसेंबरच्या पहाटे कूलंट ६० अंश दाखवत असेल, तर दोष सेन्सरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. आधी वायर बघा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर त्या कुरतडतात.

पी०३०२ म्हणजे दुसरा सिलेंडर मिसिंग करतोय, नीट पेटत नाहीये. प्रत्येक सिलेंडरला वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) असेल तर दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर लावून बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. नाही झाला तर प्लगही तसाच बदलून बघा. तरीही दुसराच सिलेंडर मिसिंग करत राहिला, तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी कात्रजचा घाट चढवत नेऊ नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जाळून टाकतं. टो करून न्या.

सर्वात जास्त गोंधळ कॉम्प्रेशन टेस्टमध्ये होतो. इंजिन गार असताना, एकच प्लग काढून, थ्रॉटल (हवेची झडप) बंद ठेवून दाब मोजायचं गेज लावलं की आकडा खोटाच येणार. इंजिन गरम करा, फ्युएल आणि इग्निशन बंद करा, सगळे प्लग काढा, बॅटरी पूर्ण चार्ज हवी. कोणाला तरी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा. प्रत्येक सिलेंडरला वेळ तेवढाच द्या.

पेट्रोल गाडीत साधारण १५० ते २०० पीएसआय (दाबाचं एकक) येतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पुण्यात हवा विरळ, त्यामुळे चारही सिलेंडर पाच-सहा टक्के सारखेच कमी आले तर घाबरू नका. एकच सिलेंडर इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त खाली असेल तर गडबड तिथेच आहे. त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलेंडर खाली असतील तर हेड गॅस्केटकडे (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, त्याच्याखालचं सील) बघा. डिझेलला हे गेज लावूच नका, तिथला दाब दुपटीहून जास्त असतो.

सीएनजी गाडीत आणखी एक गोष्ट. गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात, टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट) कमी होत जातो आणि इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. टॅपेट सेट करता येणारं इंजिन असेल तर हेड उतरवायला हो म्हणण्याआधी तो गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तुमच्यासमोर मोजून घ्या.