कपाशी सल्ला: फवारणीतून वाचलेली बोंडअळीच पुढची पिढी वाढवते

कपाशीला पाते-फुलं धरू लागली की बांधावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अळीला औषधाची सवय झाली." गुलाबी बोंडअळीबद्दलची ही समजूत या हंगामात आधी मनातून काढा. सवय झाली असं धरलं की उपाय एकच सुचतो, डोस वाढवायचा. आणि दुखणं तिथूनच वाढतं.

अळीला सवय लागत नाही. ती मरते, नाहीतर वाचते. शेतातल्या असंख्य अळ्या दिसायला सारख्या असल्या तरी आतून सारख्या नसतात. बीटी कपाशीच्या बियाण्यात एका जिवाणूचं जनुक घातलेलं असतं, त्यामुळे झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं. हे विष अळीच्या आतड्यात ज्या जागी चिकटून काम करतं, ती जागाच एखादीत थोडी वेगळ्या घडणीची असते. विष पोटात जातं, पण त्याला पकड मिळत नाही. हा फरक तिच्यात जन्मतःच असतो, आई-बापाकडून आलेला. औषध तो तयार करत नाही, फक्त बाकीच्यांना मारून हिला मोकळं रान देतं. मग वाचलेल्यांचा संयोग वाचलेल्यांशीच होतो. एक मादी शंभरावर अंडी घालते आणि एका हंगामात ४ ते ५ पिढ्या होतात. सुरुवातीला हजारो अळ्यांमध्ये एखादाच असलेला गुण काही वर्षांत शेतभर दिसतो, तो असा. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. आपल्या कपाशीत ही निवड आपण पेरलेल्या वाणामुळे आणि आपल्या पंपामुळे होते.

आपल्या देशात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांची बीटी २००६ मध्ये आली. पहिल्या जनुकाला दाद न देणारी गुलाबी अळी गुजरातमध्ये सापडल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं. पुढे दुसऱ्या जनुकाचीही तीच गत झाली आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी त्याचे भोग भोगले. अमेरिकेतल्या अॅरिझोनात मात्र १९९६ पासून बीटी असूनही ही अळी वरचढ झाली नाही. तिथे बिगर बीटी कपाशीच्या आश्रय ओळी खरोखर पेरल्या गेल्या. त्या ओळींवर वाढलेले साधे पतंग वाचलेल्या मोजक्या प्रतिकारक पतंगांशी जुळायचे, आणि अशा जोडीची पिल्लं बीटी बोंडात मरायची, कारण हा गुण दोन्हीकडून मिळाला तरच कामाला येतो. २००६ पासून तिथे वांझ पतंगही सोडले गेले. २०१८ मध्ये अमेरिकेने ही कीड आपल्या कपाशीतून संपल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे पूर्वी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत मिळणारं १२० ग्रॅमचं बिगर बीटी पाकीट बहुतेक ठिकाणी पेरलंच गेलं नाही. त्यात आपली संकरित वाणं. त्यांच्या एकाच बोंडातल्या सगळ्या सरक्यांत विष सारखं नसतं, काहींत ते नसतंच. अळी एका सरकीवर तगते, दुसरीतलं थोडं विष चाखते, आणि अर्धवट प्रतिकार असलेलीही त्यातून निभावते. शिवाय पीक जुनं होत जातं तसं झाडातलं विष कमी होतं. म्हणून दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारणं मला पटत नाही.

आता काय करायचं? बीटी आहे म्हणून गुलाबी अळी येणार नाही, हा भरवसा सोडा. हिरव्या बोंडअळीवर बीटी अजून उपयोगी आहे, ती तशीच राहावी म्हणून पाकिटात मिसळून आलेल्या बिगर बीटी बियांची झाडं किडकी दिसली तरी उपटू नका.

पीक ४५ दिवसांचं झालं की हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. सलग ३ रात्री सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग आले तर उपाय करायची वेळ झाली. फुलांत डोमकळ्या शोधा. पाकळ्या आतून धाग्यांनी विणलेल्या असतात, फूल नीट उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. तोडून ती आतल्या अळीसकट नष्ट करा. बोंडं लागल्यावर वरून पाहून चालत नाही. एकरात वेगवेगळ्या झाडांवरची २० हिरवी बोंडं तोडून फोडा. लहान अळी पांढुरकी, काळसर डोक्याची असते, गुलाबी रंग नंतर येतो. सालीच्या आतल्या बाजूला लहान पुटकुळ्या दिसल्या तरी अळी आत शिरली असं समजा. २० पैकी २ बोंडं किडकी म्हणजे १० टक्के. त्याखाली असाल तर रासायनिक फवारणी करू नका, कारण प्रत्येक फवारणी ही एक निवड आहे.

डोमकळी हाताने तोडताना साधी अळी मरते तशीच प्रतिकारक अळीही मरते. त्यात कुणाची निवड होत नाही. माझ्या मते या कामाचं मोल औषधापेक्षा जास्त आहे, आणि नेमकं तेच मजुरी वाचवायला टाळलं जातं.

सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क वापरा. ट्रायकोग्रामाची (अळीची अंडी नष्ट करणाऱ्या बारीक मित्रकीटकाची) कार्डं लावली असतील तर पुढे-मागे काही दिवस रासायनिक फवारणी टाळा. रसायन घ्यावंच लागलं तर डब्यावरचं मोठं नाव सोडा, घटकाचं नाव वाचा. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, ही शेवटी 'थ्रिन' असलेली सगळी एकाच गटातली. नाव बदललं, कंपनी बदलली तरी अळीसाठी ते तेच औषध. पुढच्या फवारणीला गट बदला, मात्रा लेबलवरचीच ठेवा आणि मनाने दोन-तीन औषधं एकत्र करू नका. 'थ्रिन' गटातली औषधं लवकर मारली तर मित्रकीटक जातात आणि पांढरी माशी उसळते.

खरी लढाई मात्र हंगामाच्या शेवटी असते. ही अळी जवळजवळ कपाशीवरच जगते. कपाशी नसेल त्या काळात ती सरकीत आणि पालापाचोळ्यात सुप्तावस्थेत पडून असते. डिसेंबरनंतर फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही तेच पीक शेतात राखलं, की तिला आणखी पिढ्या मिळतात, आणि त्या हंगामातल्या सगळ्यात चिवट अळ्यांच्या असतात. पावसाआधी मे महिन्यात लागवड केली की जूनमध्ये निघालेल्या पतंगांना वेळेवर पाते-फुलं सापडतात. तीच लागवड पाऊस झाल्यावर जूनमध्ये केली तर लवकर निघालेले बरेच पतंग वंश न वाढवताच मरतात.

यातही एकाच उपायावर विसंबू नका. अमेरिकेत मक्यानंतर सोयाबीन घेऊन मक्याच्या मुळावरची कीड आटोक्यात ठेवली जायची. कालांतराने सोयाबीनच्या शेतात अंडी घालणाऱ्या माद्याच तिथे वाढल्या, कारण पुढच्या वर्षी त्यांच्याच पिल्लांना मका मिळत होता.

म्हणून शेवटची वेचणी झाली की शेतात आधी शेळ्या-मेंढ्या सोडा, म्हणजे उरलीसुरली बोंडं खाल्ली जातील. मग पऱ्हाट्या (कपाशीची उभी वाळलेली झाडं) उपटून श्रेडरने बारीक करा आणि खोल नांगरट करा. सरपणासाठी पऱ्हाट्या लागतातच, पण त्यांची बोंडं आधी झाडून नष्ट करा आणि पुढच्या लागवडीच्या आत ढीग संपवा. किडका कापूस घरात साठवू नका. जिनिंगजवळच्या शेतकऱ्यांनी तिथेही सापळे लावायला सांगावं. आणि हे सगळं शेजारच्या शेताबरोबर, जमलं तर गावाने एकाच आठवड्यात करावं. पतंग बांध ओळखत नाही, एकाने ठेवलेली फरदड दहा जणांच्या शेतात अळी पुरवते.