मासे मेले म्हणून डीएनए लस शोधताय? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, शेततळ्याचं पाणी उतरतं आणि पहाटे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. लगेच ‘व्हायरस आला’ अशी बोंब. पहिली चूक इथेच होते. पहाटे गुदमरणाऱ्या माशाला बहुधा ऑक्सिजन कमी पडलेला असतो. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावून, ताजं पाणी सोडून तो सावरला, तर विषाणूचा विषयच मिटला. अंगाला चिकटलेली अर्गुलस ही ऊ तर डोळ्यांनाच दिसते. लाल चट्टे बहुतेकदा जिवाणूंचे. यातल्या कशावरही विषाणूची लस चालत नाही.

तिलापिया माशांना मारणारा तिलापिया लेक विषाणू मात्र भारतात सापडलेला आहे. तिलापिया भराभर मरत असेल, तर प्रयोगशाळेत पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) तपासणी कराच. नमुना मरणपंथाला लागलेल्या माशाचा, बर्फात ठेवून न्या. फुगलेला, वास मारणारा मासा नेलात तर हेलपाटाच.

दुसरी चूक म्हणजे लस पाण्यात ओतायची किंवा खाद्यात कालवायची कल्पना. डीएनए लसीत विषाणू नसतो. त्याच्या एका प्रथिनाची कृती लिहिलेलं गोल डीएनए, म्हणजे प्लाझमिड असतं. ते स्नायूत टोचलं की माशाच्याच पेशी ते प्रथिन बनवतात आणि शरीर त्याला ओळखायला शिकतं. कॅनडात 2005 मध्ये आयएचएन आणि युरोपात 2017 मध्ये पॅन्क्रियाज डिसीज या विषाणूजन्य रोगांसाठी मंजूर झालेल्या सॅमन माशाच्या डीएनए लसी एकेका माशाला टोचाव्या लागतात. युरोपातल्या लसीचा डोस 0.05 मिली. हजारो बोटुकलींना (बोटाएवढ्या पिल्लांना) सुई टोचण्याची मजुरी सॅमनच्या भावात निघते. रोहूच्या भावात निघेल असं मला वाटत नाही.

आजारी माशाला लस देणं तर निव्वळ पैसे घालवणं. युरोपातल्या त्या लसीचा असर यायला सुमारे 400 डिग्री-दिवस (पाण्याचं तापमान गुणिले दिवस) लागतात, म्हणजे 10 अंशांच्या पाण्यात 40 दिवस. मग आपल्या 30 अंशांत तेरा दिवस, असं त्रैराशिक मांडू नका. तो आकडा थंड पाण्यातल्या सॅमनचा आहे.

अहमदाबादच्या कंपनीने 2021 मध्ये माणसांसाठी डीएनए लस काढली, मग माशांसाठी का नाही? प्रश्न रास्त आहे, पण ती लस कोरोनाची. रोहू, कटला, तिलापियासाठी मंजूर डीएनए लस आज आपल्या बाजारात नाही. कुणी बाटली घेऊन आलाच, तर कोणता विषाणू, कोणता मासा आणि परवाना क्रमांक काय, एवढं विचारा. तोवर मेलेले मासे रोज काढून चुना टाकून पुरा, जाळं उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात टाकू नका आणि नवं बीज आधी वेगळ्या टाकीत ठेवा.