रोममधले कोरीव दगड वाचायचे कसे

पॅन्थिऑन या प्राचीन मंदिराच्या कपाळावरची मोठी अक्षरं सगळेच बघतात. पण वाचायला शिकायचं असेल तर त्रास्तेव्हेरे भागातल्या सान्ता मारिया चर्चच्या पडवीत जा. तिथे जुन्या थडग्यांवरच्या लेखांचे तुकडे भिंतीतच बसवलेत, बरेचसे नजरेच्या टप्प्यात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तासभर तिथून हललो नाही.

आधी ‘डी’ आणि ‘एम’ ही जोडी शोधा. लॅटिनमध्ये ‘दीस मानिबुस’, म्हणजे पितरांना अर्पण. पुढे ‘व्हिक्स’ दिसलं की त्यानंतरचा आकडा म्हणजे माणूस किती वर्षं जगला ते. ‘यू’च्या जागी ‘व्ही’च कोरलेला असतो आणि दोन शब्दांमध्ये बरेचदा एक ठिपका. एवढ्यावर अर्धं काम होतं. अक्षर पुसट असेल तर मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने, अगदी भिंतीलगत धरा. खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. दगडावर हात मात्र फिरवू नका.

मग व्हिया देल पेलेग्रिनो. या गल्लीतल्या एका घराच्या भिंतीत सम्राट क्लॉडियसने रोवलेला हद्दीचा दगड आहे, इ.स. 49चा. त्याने शहराची पवित्र सीमा वाढवली, तेव्हाचा. यात डोक्यावर उभा केलेला ‘एफ’ शोधा. ‘व’च्या उच्चारासाठी क्लॉडियसने स्वतः काढलेलं हे अक्षर. 54 साली तो गेला आणि अक्षरही वापरातून गेलं. माझा तर हा सगळ्यात लाडका दगड!

शेवटी दुर्बीण घेऊन कॅपिटोलाइन टेकडीवर या आणि सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीकडे बघा. कमान 203ची. ऊन तिरपं असताना लेखाची चौथी ओळ नीट न्याहाळा. तिथे सम्राटाचा धाकटा मुलगा गेटा याचं नाव होतं. 211मध्ये थोरल्या काराकालाने त्याला मारवलं आणि ते नावही खोडायला लावलं. अक्षरं मुळात ब्राँझची, दगडात भोकं पाडून बसवलेली. आज त्या ओळीत दोघा बापलेकांची स्तुती आहे, पण काही भोकं आताच्या अक्षरांशी जुळतच नाहीत. ती गेटाच्या नावाची. अभ्यासकांनी त्यांवरूनच जुनी ओळ लावली.